मुलामा आणि मूळ

सोलापुरात सात रस्त्यापासून नव्या पेठेपर्यंत चालत गेले, तर वाटेत दंतवैद्यांच्या किती पाट्या लागतात ह्याची मोजदाद करणे कठीण. एके काळी अशा पाट्यांवर ‘दात काढणे, दात बसविणे, कवळी’ एवढाच मजकूर असे, आणि शेजारी बहुधा एक निर्विकार दाढ चितारलेली असे. आता दाढेच्या जागी हसरा चेहरा आला आहे आणि मजकुरात ‘स्माईल डिझाईन’, ‘व्हेनिअर्स’ हे शब्द. दाढ दुखते म्हणून दवाखान्यात जायचे, ह्या समजुतीपासून हसू चांगले दिसावे म्हणून जायचे, ह्या समजुतीपर्यंत आपला समाज आला, एवढे तर त्या पाट्या सांगतातच. परंतु त्या आणखीही काही सांगत असाव्यात, अशी शंका आम्हांस एका साध्या प्रसंगाने आली.

आमचे एक सहकारी, मराठीचेच प्राध्यापक, कन्येच्या विवाहाआधी पुढच्या सहा दातांवर व्हेनिअर बसवून घ्यावेत म्हणून दंतवैद्याकडे गेले. दात पिवळे पडलेले, मधल्या फटी रुंदावलेल्या. छायाचित्रांत बरे दिसावे एवढीच माफक इच्छा. तरुण डॉक्टरांनी बारीक खुणा असलेली एक सळई हिरडीच्या कडेने फिरवली, जागोजागी रक्त आले, आणि ते म्हणाले, “सर, दातांचं नंतर पाहू. आधी हिरड्या बऱ्या करू. आत्ता वरून काही चिकटवलं तर वर्षभरात तुम्हीच मला बोल लावाल.” सर परतले ते काहीसे रुष्ट होऊन. “गेलो दातांसाठी, त्यानं हिरड्यांचं काढलं,” असे त्यांचे म्हणणे.

त्यांचा हा राग आम्हांस महत्त्वाचा वाटला. हिरडी म्हणजे दाताखेरीज काही निराळेच, मध्येच उपटलेले प्रकरण, असे त्या रागात गृहीत होते. हे गृहीत एकट्या सरांचे नाही. त्याला इतिहास आहे, आणि तो आपल्या भाषेत, चालीरीतींत, कारखान्यांत व न्यायालयांतही सापडतो. त्याचा माग घेण्याचा हा एक प्रयत्न.

आरंभ भाषेपासून करू, कारण तो आपला प्रांत. मराठीने दातांवर जेवढे वाक्प्रचार खर्ची घातले आहेत तेवढे क्वचितच दुसऱ्या अवयवावर घातले असतील. आपण दात विचकतो, दातओठ खातो, दातांच्या कण्या करतो, दुसऱ्याचे दात त्याच्या घशात घालतो. कोणावर दात धरतो. आणि दात कोरून पोट भरत नाही हेही आपल्याला ठाऊक असते. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणून आपण गप्प बसतो. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे तर राजकारणावरचे आपले ठरलेले भाष्य. ह्या भाऊगर्दीत हिरडीच्या वाट्याला काय आले? आम्ही पुष्कळ आठवून पाहिले. रुळलेला म्हणावा असा एकही वाक्प्रचार हाती लागला नाही. काव्यातही तेच. संस्कृत कवींनी दातांना कुंदकळ्या म्हटले, शाहिरांनी डाळिंबाचे दाणे म्हटले. राम जोशी ह्यांच्या ह्या गावात लावणीचे संकेत नव्याने सांगण्याची गरज नाही. परंतु डाळिंबाचा दाणा ज्या पांढुरक्या पापुद्र्यात रुतलेला असतो त्या पापुद्र्याकडे लक्ष द्यावे, असे कोणाही कवीला वाटलेले दिसत नाही.

वैद्यकाची भाषा मात्र निराळी होती. सुश्रुतसंहितेने मुखरोग ६५ मोजले आहेत. त्यांत प्रत्यक्ष दातांचे रोग ८ आणि दंतमूलांचे, म्हणजे हिरड्यांचे, १५. हिरडीला संहिता ‘दंतमूल’ म्हणते, ‘दंतवेष्ट’ही म्हणते, दाताचे मूळ आणि दाताचे वेष्टन. ह्या दोन शब्दांत जे शहाणपण आहे ते पुढच्या दोन हजार वर्षांत आपण पुष्कळसे गमावले, असे आमचे मत आहे. हिरड्यांतून अकस्मात रक्त येणे, दुर्गंधी सुटणे, हिरड्या मऊ व काळपट होऊन झडू लागणे, ह्याला संहितेत ‘शीताद’ हे नाव आहे. पू व रक्त वाहून दात हलू लागतात तो ‘दंतवेष्ट’ नावाचाच रोग. आणि दातावर साखरेच्या खड्यासारखे घट्ट बसणारे किटण म्हणजे ‘दंतशर्करा’. ही शर्करा वैद्याने दंतमूलाला इजा न करता काढावी, असा संहितेचा स्पष्ट आदेश आहे. आजही ‘दातांची सफाई केली की दात हलायला लागतात’ हे वाक्य सोलापुरातल्या कोणत्याही घरात ऐकू येते. किटण काढल्यावर दात हलताना जाणवतात, कारण किटणाने त्यांना खोटा आधार दिलेला असतो. खरा आधार आधीच गेलेला असतो. संहितेला हे भय नव्हते. तिने किटण काढायला सांगितले आणि हिरडी जपायलाही सांगितले.

आता चालीरीतींकडे वळू. ‘दातवण’ हा शब्द आज जुनी माणसे कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या काडीसाठी वापरतात. परंतु एके काळी तो दात काळे करण्याच्या पुडीसाठीही होता. हिरडा, मायफळ ह्यांसारखी तुरट फळे आणि हिराकस एकत्र करून ही पूड होई, आणि विवाहित स्त्रिया ती दातांवर बसवीत. काळे दात हे सौभाग्याचे व शोभेचे लक्षण. विधवेला ते वर्ज्य. साहित्याच्या विद्यार्थ्यांना ह्यातली एक गंमत विशेष आवडावी. तुरट फळांतील टॅनिन आणि हिराकशीतील लोह ह्यांच्या संयोगाने जो काळा रंग होतो, त्याच संयोगाने जुनी शाईही होत असे. म्हणजे ज्या काळात स्त्रीच्या हाती लेखणी नव्हती त्या काळात शाईचे रसायन तिच्या दातांवर होते. जपानातही लोह आणि टॅनिन ह्यांच्याच आधारे विवाहित व उच्चकुलीन स्त्रिया दात काळे करीत. तिथे १८७० मध्ये सरकारने सरदारवर्गाला ती चाल बंद करायला लावली आणि १८७३ मध्ये सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांपुढे आली. आपल्याकडे असा कोणताही हुकूम निघाला नाही. इंग्रजी शिक्षण, छायाचित्रे आणि बदललेली अभिरुची ह्यांच्या रेट्यात चाल हळूहळू विरून गेली.

दातवण हा आपल्याकडचा जुना मुलामाच म्हटला पाहिजे. रंग पांढरा नसून काळा, एवढाच भेद. मात्र एक गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवायला हवी. तुरट द्रव्ये हिरडीलाही लागत, तिला किंचित आवळून घेत. किटण त्यांनी निघत नसे, रोग बरा होत नसे. पण मुलामा आणि मूळ ह्यांची अगदीच फारकत त्या पुडीने केलेली नव्हती.

ती फारकत केली मिश्रीने. आणि इथे आपण पुन्हा सोलापुरात येतो.

तव्यावर तंबाखू काळीभोर होईपर्यंत भाजायची, कुटून तिची पूड करायची, आणि ती तर्जनीने दातांवर व हिरड्यांवर घोळवत बसायचे, ही मिश्रीची रीत महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावाला नवी नाही. दात दुखायचे थांबतात, हिरड्या घट्ट होतात, पोट साफ होते, अशी तिची ख्याती. १८७७ साली इथे ‘सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग’ कंपनीची गिरणी सुरू झाली, जिला गाव ‘जुनी गिरणी’ म्हणत आले. पाठोपाठ आणखी गिरण्या निघाल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. हातमाग आणि मग यंत्रमाग आले. पुरुष मागावर आणि बाई विडीवर, अशी विभागणी शहराच्या पूर्वभागातल्या हजारो घरांत रुळली. विडी वळणाऱ्या बाईच्या मांडीवर सूप असते, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पाने. हजार विड्यांमागे मजुरी. त्या घरांत तंबाखूची धूळ हवेतच असते, आणि मिश्रीसाठी चिमूटभर तंबाखू मागायला कोणाकडे जावे लागत नाही.

निकोटिन भूक मारते, शीण घटकाभर विसरायला लावते. गिरणीतल्या किंवा घरातल्या बाईला बसायची मुभा नसे. मिश्री लावण्यापुरती ती असे. पुरुषाची विडी जशी कामातली विश्रांती, तशी बाईची मिश्री. म्हणून मिश्रीला नुसते ‘व्यसन’ म्हणून मोकळे होणे आम्हांस अन्यायाचे वाटते. ती श्रमाच्या इतिहासाचा एक भाग आहे. परंतु अन्याय टाळण्याच्या भरात शरीराचे सत्य डावलून चालत नाही. तंबाखू जिथे रोज घासली जाते तिथे हिरडी दातावरून मागे सरकते, मुळे उघडी पडतात, गालाच्या आत पांढरे चट्टे येतात, आणि त्यांतल्या काहींचा कर्करोग होतो. ह्याहून कपटी गोष्ट अशी की निकोटिनाने रक्तवाहिन्या आकसतात. धूम्रपान करणाऱ्यांत हे स्पष्ट दिसून आले आहे की हिरडीचा रोग आत वाढत असतो आणि रक्त मात्र फारसे येत नाही. रक्त येणे ही हिरडीची तक्रार करण्याची एकमेव भाषा. तंबाखू ती भाषाच बंद करते. ‘मिश्रीनं हिरड्या घट्ट झाल्या’ ही समजूत अशा बंद केलेल्या तोंडातून आलेली असते.

केंद्र सरकारने १९९२ मध्ये दंतमंजनांत व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली, आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. दंतमंजनाच्या नावाखाली तंबाखू विकण्याला त्यामुळे आळा बसला. परंतु कायदा दुकानातल्या डब्यापर्यंत पोचतो. चुलीवरच्या तव्यापर्यंत पोचत नाही.

ह्याच सुमाराच्या आणखी दोन निवाड्यांकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. केशव विष्णु पेंढरकर ह्यांनी १९५२ साली मुंबईत परळला सुरू केलेल्या विको कंपनीचे ‘वज्रदंती’ हे औषध की सौंदर्यप्रसाधन, ह्या प्रश्नावर अबकारी खाते आणि कंपनी ह्यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला. प्रश्न कराच्या दराचा होता, पण त्याच्या पोटात आपलाच प्रश्न दडलेला होता : दात घासणे हे दिसण्यासाठी की प्रकृतीसाठी? २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकोच्या बाजूने, म्हणजे ‘औषध’ ह्या बाजूने कौल दिला. पुढे २००९ मध्ये दुसऱ्या एका कंपनीच्या लाल दंतमंजनाविषयी त्याच न्यायालयाने ते औषध नव्हे असे ठरविले. लोक एखादी वस्तू काय म्हणून विकत घेतात, ही ह्या निवाड्यांतली एक महत्त्वाची कसोटी. म्हणजे न्यायालयालाही शेवटी आपल्या मनात डोकवावे लागले. आणि आपल्या मनात औषध व प्रसाधन ह्यांचे कप्पे कधीच नीट वेगळे नव्हते.

आता मूळ विषयाकडे, पांढऱ्या मुलाम्याकडे येऊ. पाश्चात्त्य दंतवैद्यकात हिरडी आणि मुलामा ह्यांचा पहिला मोठा खटका १९१० साली उडाला. विल्यम हंटर नावाच्या इंग्रज वैद्याने कॅनडातील माँट्रिअल येथे मॅकगिल विद्यापीठात भाषण केले आणि रोगट मुळांवर व पू वाहणाऱ्या हिरड्यांवर सोन्याच्या टोप्या चढविण्याच्या त्या काळच्या प्रथेवर कडाडून टीका केली. वर सोने आणि खाली सडका भाग, हे त्याच्या रोषाचे कारण. आपल्याकडेही सोन्याचा दात हे ऐपतीचे लक्षण होतेच, आणि बाजाराच्या कडेला बसून दात बसवून देणारे कारागीरही होते. शेजारच्या दातांना तारेने बांधून, हिरडीवरच रसायनाचा गोळा दाबून बसविलेले असे दात दंतवैद्यांना आजही पाहायला मिळतात. त्यांखाली हिरडी सडते आणि शेजारचे चांगले दातही जातात. हंटरची टीका रास्त होती, परंतु तिचा परिणाम विपरीत झाला. शरीरातल्या वाटेल त्या रोगाचे मूळ दातांत आहे, अशी लाट उसळली आणि पुढची दोन-तीन दशके असंख्य लोकांचे चांगले दात उपटले गेले. मूळ झाकणे ही एक चूक, तर मुळासकट उपटणे ही दुसरी. हिरडी बरी करणे हा मधला मार्ग दोन्हींत राहून गेला.

मग १९२८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात चार्ल्स पिंकस ह्या दंतवैद्याने चित्रपटातल्या नटनट्यांसाठी पोर्सिलेनचे पातळ पापुद्रे तयार केले. कॅमेरा चेहऱ्याजवळ येऊ लागला होता आणि दातांचे दोष पडद्यावर मोठे दिसू लागले होते. हे पापुद्रे कवळी चिकटवायच्या भुकटीने तात्पुरते बसवीत आणि चित्रीकरण आटोपले की काढून ठेवीत. व्हेनिअरचा जन्म हा असा, मुखवट्याच्या कुळातला. रंगभूषेसारखा तो रोज उतरत होता, म्हणूनच निरुपद्रवी होता.

तो कायमचा चिकटू लागला त्याची कथा आपल्याला परिचित अशा एका व्यवसायाच्या आधाराने सांगता येईल. कल्हईवाल्याला काम करताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना आठवेल की तो आल्याआल्या कथील लावीत नाही. आधी भांडे घासून-पुसून स्वच्छ करतो, तापवतो, त्यावर नवसागर फिरवतो, आणि मगच कथील धरते. नवसागराने धातूवरची जळमट निघून जाते. १९५५ साली मायकेल बुओनोकोर ह्या अमेरिकी संशोधकाने दाताच्या बाबतीत नेमके हेच केले. धातूवर रंग धरावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक आम्ल वापरतात हे त्याला ठाऊक होते. ते त्याने दंतवल्कावर, म्हणजे दाताच्या काचेसारख्या बाह्य थरावर, लावून पाहिले. आम्लाने त्यावर सूक्ष्म खाचा पडतात, त्यांत राळेसारखा द्रव शिरतो व घट्ट धरतो. १९८३ च्या सुमारास पोर्सिलेनचीही आतली बाजू अशीच आम्लाने खरवडून ती दाताशी पक्की जोडण्याची रीत अमेरिकेत सिद्ध झाली, आणि नटांचा मुखवटा सर्वांसाठी कायमचा झाला. त्यासाठी बहुधा दाताचा पुढचा थर अर्धा मिलिमीटर किंवा त्याच्या आसपास घासावा लागतो. दंतवल्क पुन्हा उगवत नाही. पिंकसचा पापुद्रा काढून ठेवता येई; हा काढला तर त्याच्या जागी दुसरा लावणे भाग पडते.

आता सरांच्या डॉक्टरांनी ‘आधी हिरड्या’ असे का म्हटले ते कळावे. सुजलेली हिरडी हलक्या स्पर्शाने रक्त देते आणि रक्त-लाळ लागलेल्या दातावर ती राळ नीट धरत नाही. भांडे ओलसर, मळके असले तर कल्हई धरत नाही तसेच. दुसरे असे की सूज आहे तोवर हिरडीची कड तिच्या खऱ्या जागी नसते. आज त्या कडेशी जुळवून पापुद्रा बसविला आणि पुढे सूज उतरली, की कड वर सरकते आणि पापुद्रा जिथे संपतो ती रेघ उघडी पडते. तिसरे कारण सर्वांत खोलवरचे. दात व हाड ह्यांच्या मध्ये हिरडीला चिकटून राहण्यासाठी सुमारे दोन मिलिमीटरांचा पट्टा लागतो, असे १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत दिसून आले. मुलाम्याची कड ह्या पट्ट्यात घुसली तर हिरडी तो घुसखोर मानते. सतत सुजलेली राहते, किंवा आपले हाड घेऊन मागे हटते. ही रेषा डोळ्यांना दिसत नाही. रोगट हिरडीत ती कुठे आहे हे नीट ठरविताही येत नाही. आणि मुळे उघडी पडली असली तर तिथे दंतवल्कच नसते, म्हणून पकड कमकुवत होते. हलणाऱ्या दाताची तर गोष्टच सोडा.

ह्याची उलट बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती आशेची आहे. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो ह्या संशोधकाने १२ निरोगी व्यक्तींना, त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, दात घासणे थांबवायला सांगितले. तीन आठवड्यांच्या आत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू करताच त्या पूर्ववत झाल्या. हिरडीची सूज ही वयाची, नशिबाची किंवा ‘उष्णतेची’ बाब नसून दाताच्या कडेवर साचणाऱ्या जंतूंच्या थराची आहे, हे त्यातून प्रस्थापित झाले. सूज ओसरते, परंतु हाड एकदा झिजले की बहुतेक वेळा परत येत नाही. म्हणून वेळेला महत्त्व आहे. किटण काढायचे, गरज पडल्यास मुळेही साफ करायची, चार ते आठ आठवड्यांनी त्या सळईने पुन्हा मोजायचे. निरोगी हिरडीत सळई एक ते तीन मिलिमीटर आत जाते; ती त्याहून खोल जात असेल आणि रक्त येत असेल तर उपचार पुढे चालू. हिरडीची शस्त्रक्रिया झाली असेल तर कड स्थिर व्हायला काही महिने द्यावे लागतात. मधुमेह असेल तर तोही आटोक्यात हवा, कारण दोन्ही रोग एकमेकांना बळ देतात. तंबाखू सुटायला हवी. हे सारे झाल्यावर व्हेनिअर बसविता येतात, टिकतातही; मात्र दर काही महिन्यांनी हिरडी दाखवत राहण्याची अट कायमची लागू होते. हिरडीचा रोग झाला होता एवढ्याने व्हेनिअरचा मार्ग बंद होत नाही. रोग चालू असताना तो बंद असतो.

ही सर्व हकिकत एकत्र ठेवून पाहिली तर एक गोष्ट आमच्या ध्यानात येते. प्रत्येक काळाने दाताला आपला रंग दिला : दातवणाने काळा, विड्याने लाल, सोन्याने पिवळा, आता पोर्सिलेनने पांढरा. त्या रंगातून सौभाग्य, रसिकता, ऐपत, आत्मविश्वास असे काही ना काही सांगितले गेले. हिरडीला मात्र कोणी काही सांगायला लावले नाही. ती फक्त धरून ठेवते. धरून ठेवणाऱ्यांची दखल ते सोडून देऊ लागल्यावरच घेतली जाते, हा अनुभव ज्या शहराने गिरण्या चालू असताना व बंद पडताना घेतला, त्या शहराला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आणि इथेच आमच्या मनातली अस्वस्थता आहे. सरांना त्या दंतवैद्याने अडविले, कारण सर मुलामा मागायला गेले होते. मुलाम्यासाठी पैसे मोजणाऱ्याची हिरडी तपासली जाते. विडी वळणाऱ्या बाईला मुलामा परवडत नाही, म्हणून ती त्या खुर्चीपर्यंत पोचत नाही; पोचते तेव्हा दात काढून घ्यायला. विडी कामगारांसाठी १९६६ व १९७६ साली कायदे झाले, कल्याण निधी आला, दवाखाने निघाले. सोलापुरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही हिरडीतून रक्त येते म्हणून डॉक्टरांकडे गेलेली बाई आमच्या पाहण्यात नाही. रक्त येते हे तिला दुखणे वाटत नाही. आपल्या भाषेत त्यासाठी साधा वाक्प्रचारही नाही, हे वर आलेच आहे.

सरांपुरते सांगायचे तर कन्येच्या विवाहातील छायाचित्रांत ते ओठ मिटून हसले आहेत. मुळांची सफाई दोन बैठकांत झाली. सूज उतरल्यावर फटी आणखी रुंद दिसू लागल्या, ह्याचा त्यांना काही दिवस फार विषाद वाटला. सुजेने त्या झाकल्या होत्या, हे डॉक्टरांनी चित्र काढून समजावले. सहा महिने झाले. सहा दातांऐवजी आता चारांचाच विचार चालला आहे, तोही पुढच्या मोजणीनंतर.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी मिश्री लावणारी आजी अजून आहे. लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी ते तिच्याकडून ओव्या उतरवून आणतात. पुढच्या खेपेला त्यांनी तिला हेही विचारावे : मिश्री पहिल्यांदा कोणी हातावर ठेवली, तव्यावर किती वेळ भाजायची, तिच्या आईच्या दातांना दातवण होते का. आणि विचारता विचारता तिच्या हिरड्याही एकदा पाहाव्यात, पांढरा चट्टा दिसला तर तिला त्याच आठवड्यात दवाखान्यात न्यावे.